प्रश्न गल्लीतला हवा
राजकीय चर्चेच्या लहान गटांत चारजण बोलतात आणि बाकीचे नुसते वाचतात, हे तुमच्या लेखातलं निरीक्षण पटलं. पण 'चर्चेला सूत्रधार नेमा' हा उपाय काही पटला नाही. आमच्या ठाण्यातल्या वर्तकनगरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात ऐंशीएक माणसं. दिल्लीचा विषय निघाला की तेच तिघे भांडायचे, उरलेले सगळे सुप्रभातवाले. मग २०२२ च्या मार्चमध्ये ठाणे पालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली, त्यांच्या जागी सरकारने नेमलेले प्रशासक आले आणि एका काकूंनी विचारलं, "आता तुंबलेल्या गटाराची तक्रार न्यायची कुणाकडे?" त्या दिवशी कधी तोंड न उघडलेली माणसं बोलली! तीन लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या, म्हणजे वॉर्डांच्या पातळीवरच्या समित्या, हव्यात, असं १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती सांगते, हे मला तिथेच कळलं. सांगणारे काका तोवर फक्त अंगठ्याचा इमोजी टाकायचे. नंतर आम्ही एकच नियम केला: नव्या माणसाच्या पहिल्या मेसेजला कुणीतरी उत्तर द्यायचंच. आणि वाद तापला की तलावपाळीवर, तळ्याकाठी भेटायचं. समोर चहा असला की 'अंधभक्त', 'चमचा' असले शब्द सहसा निघत नाहीत. आमच्याकडे आजवर दोनदाच निघाले.