चोवीस बाणांचा हिशेब

गेल्या गुरुवारी संध्याकाळी एका गृहस्थांनी माझ्या धनुर्धाऱ्याचे धनुष्य मोडले आणि क्षमा मागण्याऐवजी "तसेही ते आखूडच होते" असे मलाच सुनावले. धनुर्धारी २८ मिलिमीटरचा, प्लॅस्टिकचा आणि पंधराव्या शतकातला आहे, एवढी पार्श्वभूमी पुरे.

मी लीड्सला राहतो आणि इथल्या एका मंडळात टेबलावर ऐतिहासिक लढाया खेळता याव्यात म्हणून अर्ल ऑफ वॉरिक या इंग्रज सरदाराचे सैन्य उभे करत आहे. यॉर्क आणि लँकेस्टर ही दोन घराणी इंग्लंडच्या गादीसाठी भांडत होती, तेव्हाचा हा माणूस. हा वॉरिक १४६१ साली टाउटनच्या लढाईत यॉर्क घराण्याकडून लढला आणि १४७१ साली बार्नेटच्या लढाईत लँकेस्टरच्या बाजूने लढताना मारला गेला. म्हणजे एकाच खर्चात दोन्ही पक्षांचे सैन्य हाती लागते, आणि हा युक्तिवाद निदान मराठी घरात तरी खपून जातो. खपत नाही तो वेळ. त्याच्या माणसांचे अंगरखे लाल आणि त्यांवर पुढे-मागे गाठीगाठींची पांढरी फांदी. ती फांदी नखाएवढ्या छातीवर काढताना श्वास रोखावा लागतो, आणि नेमका त्याच वेळी घरातून कोणीतरी "जेवायला बसायचे का?" असे विचारते.

तर हे गृहस्थ. वय सत्तरीच्या पुढे, स्वेटर तपकिरी, खिशात घड्याळजी डोळ्याला लावतात तसले भिंग. त्यांना खेळताना कोणी पाहिलेले नाही आणि त्यांचे स्वतःचे सैन्य पोटमाळ्यावर "तयार होत आहे", असे मंडळातले जुने सभासद वर्षानुवर्षे ऐकत आले आहेत. त्यांनी माझ्या रांगेतला एक धनुर्धारी उचलला, भिंग लावले, आणि बराच वेळ ओठ हलवत काहीतरी मोजले.

"तुम्ही रागावणार नसाल तर विचारतो. याच्या कमरेला आठच बाण कसे?"

"कारखान्यातून तसेच येतात."

"जुडी चोवीस बाणांची असते."

"सोळा त्याने सोडले आहेत."

ते हसले नाहीत. लढाई अजून सुरू झालेली नसताना सोळा बाण कोणावर सोडले, असे त्यांनी शांतपणे विचारले. मग मी टाउटनचा दाखला काढला. त्या दिवशी बर्फ पडत होते आणि वारा यॉर्कवाल्यांच्या पाठीशी होता. लँकेस्टरचे बाण अलीकडेच पडले आणि यॉर्कचा सेनानी फॉकनबर्ग याच्या धनुर्धाऱ्यांनी तेच उपसून उलटे मारले, असे जुना इतिहासकार सांगतो. तात्पर्य, बाणांचा हिशेब त्या काळीही कोणी ठेवत नव्हते. यावर गृहस्थ म्हणाले, "मग तर याच्याकडे चोवीसपेक्षा जास्त हवेत."

त्यानंतर धनुष्याची लांबी निघाली. मेरी रोझ या बुडालेल्या इंग्रज युद्धनौकेत सापडलेली धनुष्ये माणसाच्या उंचीपेक्षा लांब आहेत, हे दाखवण्यासाठी त्यांनी माझा धनुर्धारी धनुष्यालाच धरून उजेडात उंच केला, आणि ते कट्कन मोडले. मेरी रोझ १५४५ साली बुडाले. माझी माणसे त्याआधी चौऱ्याहत्तर वर्षांपूर्वी बार्नेटला मेलेली आहेत, हे मी त्यांना सांगितले. आवाज थोडा चढला असेल. शेजारच्या टेबलावरचे फासे थांबले, आणि सगळ्यांनी ज्या नजरेने पाहिले त्यावरून धनुष्य मीच मोडले असावे, असे कोणालाही वाटले असते.

शेवटचा प्रयत्न म्हणून मी म्हणालो की, बार्नेटला धुक्यात वॉरिकचा साथीदार अर्ल ऑफ ऑक्सफर्ड याच्या माणसांच्या अंगावरचा तारा वॉरिकच्या धनुर्धाऱ्यांना शत्रूचा, म्हणजे यॉर्कच्या राजा एडवर्डचा सूर्य वाटला आणि त्यांनी आपल्याच मित्रांवर बाण सोडले. जिथे खऱ्या सैनिकांना खरी चिन्हे ओळखू आली नाहीत, तिथे माझ्या रंगकामात एवढे काय पाहायचे?

"म्हणूनच तर चिन्ह नीट काढावे लागते," गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी पुढचा धनुर्धारी उचलला.

ही हौस स्वस्त नाही. रंग, ब्रश, वॉर्निश, पायाखालचे खोटे गवत यांवर पैसे घालायचे, रात्री डोळे फोडायचे, आणि ज्याने आयुष्यात एक पलटण पुरी केली नाही त्याच्यापुढे परीक्षेला बसायचे, हे मला अजूनही पचलेले नाही. प्लॅस्टिकचे इतके बारीक धनुष्य चिकटवले तरी टिकत नाही, ही त्यात भर.

पुढच्या महिन्यात मंडळात सर्वोत्तम रंगवलेल्या सैन्याची स्पर्धा आहे. परीक्षक म्हणून त्याच गृहस्थांची एकमताने निवड झाली. एकमतात माझेही मत आले, कारण हात वर करायची वेळ आली तेव्हा ते माझ्याच शेजारी बसलेले होते आणि भिंग त्यांच्या डोळ्यालाच होते.