आधी बलक काढून टाका

आहारगुरू व्हायचं तुमच्या मनात आलंय ना, मग उशीर करू नका. ज्योतिषाला निदान पंचांग उघडावं लागतं, जमिनीच्या दलालाला सातबारा वाचता यावा लागतो. इथे त्यातलं काहीच नको. समोरच्याला पोट आहे आणि चाळिशीनंतर त्या पोटाची त्याला लाज वाटते, एवढंच भांडवल. तेही त्याचंच.

पदवीचं मनावर घेऊ नका. पोषणशास्त्राच्या पोरी पाच-पाच वर्षं घासतात, इस्पितळात इंटर्नशिप करतात, डायलिसिसवरच्या आजोबांच्या ताटातलं पोटॅशियम मोजतात आणि शेवटी त्यांना ऐकून घ्यावं लागतं, "मॅडम, ते ठीक आहे, पण मी यूट्यूबवर वेगळंच ऐकलं." ते वेगळं बोलणारे तुम्ही व्हायचंय. २०२१ साली संसदेने डॉक्टर-नर्स सोडून बाकीच्या आरोग्य व्यावसायिकांसाठी कायदा केला, त्यात आहारशास्त्रही आलं. ऑगस्ट २०२३ मध्ये जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या परिषदेने सांगितलं, आरोग्याचे सल्ले देणाऱ्या इन्फ्लुएन्सरांनी आपली पात्रता दाखवावी. दाखवा की! 'दोन मुलांची आई, अकरा किलो घटवले.' यापुढे कुठली एमएस्सी टिकते?

'ते बघावं लागेल' हे शब्द मात्र तोंडातून जाऊ द्यायचे नाहीत. शिकलेल्या आहारतज्ज्ञाला विचारा, भात खाऊ का? तो विचारेल, वय काय, काम कसलं, साखर किती, भात किती, भाताबरोबर काय? निम्मी गिऱ्हाइकं इथेच चप्पल घालतात. तुम्ही म्हणायचं, भात बंद. किंवा म्हणायचं, आजी खायची तोच भात खा, वर तूप घाला. दोन्ही खपतं. 'बहुतेक' खपत नाही.

आपल्या महाराष्ट्राने तर हे सिद्धच करून दाखवलंय. एक पंथ सांगतो, दिवसातून दोनदाच जेवा. दुसरा सांगतो, दर दोन तासांनी काहीतरी खा. दोघांचीही सभागृहं भरतात. माझ्या ओळखीच्या एका घरात सासरे दोनदा जेवतात, सून सहादा, आणि पोळ्यांच्या बाईंनी पगार वाढवून मागितलाय. वजन दोघांचंही उतरलं, कारण दोघांनीही साडेपाचच्या चहाबरोबरचं फरसाण सोडलं. हे कुणाला सांगू नका. फरसाण सोडण्यावर दीड तासाचं व्याख्यान होत नाही.

आता एक शत्रू निवडा, एकच. अंड्याचा बलक हा उत्तम शत्रू होता. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनेने १९६८ मध्ये सांगितलं, आठवड्याला तीनच अंडी, आणि कोलेस्टेरॉल दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या आत. पुढे आपल्याकडेही काका लोकांनी वर्षानुवर्षं बलक कुंडीत टाकले. गुलाब काय फुलले! मग २०१५ च्या अमेरिकी सरकारच्या आहार मार्गदर्शिकेतून ती ३०० ची मर्यादा गुपचूप निघून गेली. ताटातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा एकूण आहारातली संपृक्त चरबी (तूप-लोण्यात असते ती) रक्तातलं कोलेस्टेरॉल जास्त वाढवते, असं दिसत होतं. काकांना कुणी पत्र पाठवलं नाही.

शत्रू निवडताना पैसे कोण देतंय तेही बघा. अमेरिकेच्या साखर उद्योगाने हार्वर्डच्या शास्त्रज्ञांना ६,५०० डॉलर दिले आणि १९६७ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात लेख आला, की हृदयविकाराचा दोष चरबीचा, साखरेचा नव्हे. कागदपत्रं बाहेर आली २०१६ मध्ये. एकोणपन्नास वर्षं! तुमचा प्रोटीन पावडरीचा, कमिशन मिळवून देणारा कूपन कोड काय, त्यासाठी तर कुणी कपाट उघडून बघणार नाही.

'संशोधन सांगतं' हे वाक्य दर मिनिटाला एकदा यायला हवं. संशोधन वाचायची गरज नाही, पण ते होतं कसं हे माहीत असलेलं बरं, म्हणजे हवं ते सापडतं. माणसं काय खातात हे हजारो लोकांकडून कळून घ्यायचं, तर बहुतेकदा प्रश्नावलीच भरून घेतात: गेल्या वर्षभरात पालेभाजी किती वेळा खाल्लीत? तुम्हाला परवा डब्यात काय होतं ते आठवतं का? 'एक वाटी' म्हणजे आमच्याकडे लग्नात आलेल्या स्टीलच्या चार मापांपैकी कुठलीही. त्यातून लोक लाजतात आणि उत्तरात दोन भाज्या वाढवतात. मग भाज्या खाणारा जास्त जगतो असं निघालं, तर तो भाज्यांमुळे जगतो, की भाज्या खाणारा चालतोही, सिगरेट ओढत नाही आणि त्याच्याकडे बऱ्यापैकी पैसे असतात म्हणून, हे सोडवता सोडवता शास्त्रज्ञांचे केस पिकतात. २०१३ मध्ये दोघा संशोधकांनी एका पाकपुस्तकातले ५० घटक सहज उचलले. त्यातल्या ४० घटकांवर कर्करोग होतो की टळतो याचे अभ्यास आधीच छापून आलेले होते. तुमच्या मिसळणाच्या डब्यातली प्रत्येक वाटी कुठल्या ना कुठल्या प्रबंधात मारते किंवा तारते. रोज एक व्हिडिओ धरा. वर्षभराची सोय झाली.

आणि घाई असेल तर २०१५ मधला प्रयोग आठवा. एका पत्रकाराने जर्मनीत पंधरा माणसं घेतली, काहींना रोज कडू चॉकलेट दिलं आणि तीन आठवडे अठरा गोष्टी मोजल्या: वजन, कोलेस्टेरॉल, झोप, जे सुचेल ते. अठरा लॉटरीची तिकिटं घेतल्यावर एखादं लागणारच. लागलं, आणि चॉकलेटने वजन लवकर उतरतं अशा बातम्या झळकल्या. ही थट्टा आहे हे त्याने स्वतःच सांगेपर्यंत कुणी विचारलं नाही, की बाबा, माणसं किती होती?

उलट २०१९ मध्ये अमेरिकेच्या सरकारी संस्थेत वीस माणसांना चार आठवडे मुक्कामाला ठेवलं. दोन आठवडे कारखान्यातलं पाकिटबंद खाणं, दोन आठवडे साधं शिजवलेलं, दोन्हीकडे हवं तेवढं खा. पाकिटांवर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. यात प्रश्नावली नाही, आठवण नाही, मोजून वाढलेलं ताट आहे. पण यातून तुम्ही विकणार काय? 'घरी स्वयंपाक करा' याला कूपन कोड नसतो.

प्रोटीनकडे वळा. सध्या सगळा पैसा तिथे आहे. बिस्किटात प्रोटीन, कुल्फीत प्रोटीन. इथे एका मराठी माणसापासून जरा सांभाळून राहा. साताऱ्याकडच्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे. संख्याशास्त्रज्ञ, रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख. १९६०-७० च्या काळात जगभर 'प्रोटीनची दरी' बुजवायची मोहीम जोरात होती, माशांची पावडर आणि काय काय. तेव्हा हे गृहस्थ आकडे मांडून म्हणाले, की भारतातल्या गरिबाच्या ताटात प्रोटीन वेगळं कमी नाही, ताटच कमी आहे. पोटभर भाकरी-डाळ मिळाली तर प्रोटीनही बऱ्याच अंशी येतं. मिळाली नाही तर दिलेलं प्रोटीन शरीर चुलीत घालतं. १९७४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्या सगळ्या मोहिमेला फजितीच म्हटलं गेलं. सुखात्म्यांच्या इतर आकड्यांवर पुढे कडाक्याचे वाद झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण तुमच्या श्रोत्यांच्या कानावर हे नाव पडू देऊ नका. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रोटीन पुरतं, डाळ-भाकरी-दही-उसळीवर बरंचसं तिथवर पोचता येतं, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये शरीर कमावण्यासाठी पावडरी टाळा असं लिहून ठेवलंय, हेही कळू देऊ नका.

दुधाचंही तसंच. ऑगस्ट २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सांगितलं, पाकिटावरचं 'ए-वन', 'ए-टू' (दुधातल्या एका प्रोटीनचे दोन प्रकार) काढा, हे दिशाभूल करणारं आहे. आठवडा व्हायच्या आत तो आदेश मागे घेतला. पाकिटं जिथल्या तिथे. तुम्ही फक्त गाईचा फोटो बदला.

मी स्वतः एकदा पैसे भरून आहाराचा तक्ता आणला होता. त्यात क्विनोआ होता, ॲव्होकॅडो होता आणि 'नाश्त्याला मिलेट बोल'. बायकोने वाचून विचारलं, "हे आंबील म्हणायचं का?" २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, तेव्हापासून नाचणी मॉलमध्ये गेलीय. पालघरच्या डोंगरात जी माणसं पिढ्यान् पिढ्या नाचणी-वरई खात आली, त्यांना रेशनवर गहू-तांदूळ मिळतो. चांगलं आहे, निदान त्यांनी तरी काहीतरी आधुनिक खावं.

एवढ्यावर तुमचं बस्तान बसेल. तरी कुणीतरी आगाऊ विचारीलच, की महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे आणि ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, त्याचं काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीतले हे आकडे. त्याला ब्लॉक करा. ती मुलं-बायका आपलं गिऱ्हाईक नाहीत, त्यांच्याकडे सोडून देण्यासारखं काही नसतं. शाळेतल्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरलं. काही मंडळींच्या भावना दुखावल्या. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने सांगितलं, अंड्यासाठी वेगळे पैसे मिळणार नाहीत, हवं तर लोकवर्गणी काढा. त्या शाळांत बलक काढू का, असं विचारणारं पोर तुम्हाला भेटायचं नाही.

तर असो. रविवारच्या लाइव्हला विषय ठेवा: तूप सकाळी की रात्री? आणि प्रकाश चेहऱ्यावर डावीकडून घ्या, गाल बारीक दिसतात.