न्युएच्या गुहा एकट्या लाटांनी कोरलेल्या नाहीत

दक्षिण प्रशांत महासागरातल्या न्युए बेटाच्या फोटोंखाली एक मजकूर सारखा फिरतो: "ज्वालामुखीचा खडक लाटांनी पोखरला आणि या गुहा झाल्या. खडक मेलेला आहे, तुकडा तोडला तरी काही बिघडत नाही." यात तीन चुका आहेत आणि तिसरी मला सगळ्यात जास्त टोचते.

ज्वालामुखी तिथे आहे, पण काहीशे मीटर खोल गाडलेला. वर दिसतो तो सगळा प्रवाळांचा चुनखडक. भिंतीला डोळे लावून पाहिलं तर प्रवाळांची बारीक जाळी दिसते. लाव्ह्यात ती कुठून येणार?

आता लाटा. त्यांचा वाटा आहेच. त्या कड्याचा पाया खातात, वरचं छत ढासळतं, बेटावरच्या तालावा इथल्यासारख्या कमानी उरतात. पण पालाहाच्या गुहेत छतापासून लोंबणारे लवणस्तंभ लाटांनी कसे घडवले? न्युएवर एकही नदी नाही. पाऊस पडला की थेट मुरतो, मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतो आणि चुनखडक विरघळवत भेगा रुंद करतो. तेच पाणी छतातून ठिबकताना वायू सोडून देतं आणि चुन्याचा थर मागे ठेवतं. किनाऱ्याजवळ आणखी एक गंमत घडते. गोडं आणि खारं पाणी वेगवेगळं असताना ज्या चुन्याला धक्का लावत नाही, तो दोन्ही मिसळल्यावर विरघळू लागतो. लिमूच्या कुंडात हे मिसळणं डोळ्यांना दिसतं: पाण्याखाली मधेच सगळं धूसर, थरथरतं होतं. शिवाय 20,000 वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता. आजच्या गुहांपाशी तेव्हा लाट पोचतच नव्हती; पाऊस मात्र मुरत होता.

राहिला "मेलेला खडक". लवणस्तंभ बहुधा वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाही. बोटभर तुकडा तोडला तर कित्येक पिढ्यांचं ठिबकणं गेलं. नुसता हात लावला तरी त्वचेचं तेल पृष्ठभागावर बसतं आणि नवा थर धरायला अडथळा होतो. आणि खाली कुंडांमध्ये जिवंत प्रवाळ आहेत, त्यांच्यावर लोक सर्रास पाय देतात.

बेटाचं पिण्याचं पाणीही मुख्यतः याच खडकाच्या पोटातून येतं, खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या गोड्या थरातून. भेगेत ओतलेलं तेल किंवा साबण मुरत मुरत तिथवर पोचतो.