बातमी येईपर्यंत भाव हललेला असतो

खेळाडू जखमी झाल्याची बातमी आली की सट्ट्याचा भाव (म्हणजे पैज जिंकली तर किती पैसे मिळणार तो दर) बदलतो, असं क्रिकेट सट्ट्यावरच्या या लेखात म्हटलंय. अर्धंच खरं आहे भाऊ. ज्याला आतून आधी कळतं, त्याचा पैसा आधी लागतो. बुकी, म्हणजे पैजा घेणारा, त्या पैशाचा ओघ पाहून भाव हलवतो. आपल्या मोबाइलवर बातमी वाजते तोवर सगळं आटोपलेलं असतं.

आणि भाव बरोबरच असतो असंही नाही. ६ फेब्रुवारी २०२५, नागपूरचं जामठा स्टेडियम, भारताची इंग्लंडविरुद्धची वनडे. गुडघ्यामुळे कोहली नाही म्हटल्यावर आमच्या स्टँडात एकदम सामसूम, शेजारचा तर तिकिटाचे पैसे वाया गेले म्हणून बसला. त्याच्या जागी आयत्या वेळी घेतलेल्या श्रेयस अय्यरनं ३६ चेंडूंत ५९ ठोकले! मोठं नाव गेलं की पब्लिक घाबरतं, म्हणून भाव गरजेपेक्षा जास्त हलतो. बाकी आपल्याकडे हा धंदाच बेकायदेशीर, हे लेखात एका ओळीत तरी हवं होतं.