नंदीबैल की आणखी काही? : मॉरिशसच्या गव्हर्नरांवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा आला नाही, म्हणून आता लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मॉरिशसच्या ब्रिटिश गव्हर्नरांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन मुख्य आक्षेप घेतलेत. गव्हर्नर हा लंडनचा नंदीबैल, त्याच्यावर एवढी शाई कशाला. पहिला ब्रिटिश गव्हर्नर फार्क्वार, त्याला मी फुकट उदार ठरवलं. आणि मुंबई बंदरातून गेलेल्या आपल्या माणसांचा लेखात उल्लेखच नाही.

फार्क्वारचं आधी मिटवून टाकतो, कारण तिथे चूक माझीच आहे. १८१० च्या डिसेंबरात इंग्रजांनी फ्रेंचांकडून बेट घेतलं, तेव्हा रहिवाशांचा धर्म, कायदे आणि रीतिरिवाज जपायचं वचन दिलं होतं. रॉबर्ट फार्क्वारने ते पाळलं, याचं मी कौतुक केलं. पण ते वचन मिळालं कोणाला? गुलाम राबवणाऱ्या मळेवाल्यांना. गुलामांचा व्यापार कायद्याने बंद झालेला असूनही त्याच्या काळात चोरून माणसं उतरवली जात होती. यावरून पुढे ब्रिटिश पार्लमेंटात त्याच्यावर आरोप झाले. हे मी लिहायलाच हवं होतं.

नंदीबैलाचं मात्र मला पटत नाही. १८३२ चं उदाहरण घ्या. गुलामगिरीविरोधी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जॉन जेरेमीला लंडनने सरकारी वकील म्हणून मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईला पाठवलं. मळेवाले चवताळले, दुकानं बंद झाली, आणि गव्हर्नर कोलव्हिलने लंडनच्याच माणसाला परतीच्या जहाजात बसवलं. इथे मान हलली खरी, पण कोणाकडे बघून? पुढच्या वर्षी नवा गव्हर्नर निकोले आला आणि जेरेमीलाही पुन्हा मॉरिशसला पाठवण्यात आलं. शिडाच्या जहाजाने पत्र जाऊन उत्तर यायला अर्धं वर्ष सहज जायचं. तेवढ्या काळात बेटावर काय घडेल हे गव्हर्नर कोणाच्या घरी जेवायला जातो यावर ठरत असे, असं मी गमतीने म्हणतो. गंमत अगदीच खोटी नाही.

गुलाम १८३५ साली सुटले. भरपाईचे वीस लाखांहून जास्त पौंड मालकांच्या खिशात गेले, आणि ऊस तोडायला गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले भारतीय मजूर, आले. करार संपलेल्या मजुराने फोटो लावलेला पास कायम जवळ बाळगायचा, हा १८६७ चा कायदा गव्हर्नर बार्कलीच्या काळातला. पास नसला की भटक्या ठरवून आत टाकायचे. एक दिवस कामाला दांडी मारली तर दोन दिवसांची मजुरी कापायचे. या सगळ्याविरुद्ध आदोल्फ द प्लेवित्झ या गोऱ्या माणसाने १८७१ साली ९,४०१ जुन्या गिरमिटियांच्या वतीने अर्ज तयार केला आणि गव्हर्नर आर्थर गॉर्डनच्या हाती दिला. मळेवाल्यांनी प्लेवित्झला पोर्ट लुईच्या रस्त्यात मारलं आणि 'याला हद्दपार करा' म्हणून उलटा अर्ज केला. गॉर्डनने नकार दिला. १८७२ साली चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला. आयोगाच्या दोघा सदस्यांपैकी फ्रीअर मुंबई इलाख्यात नोकरी केलेले होते. १८७५ च्या त्यांच्या अहवालात पोलिसांची धरपकड आणि मजुरीतली लबाडी, सगळं नोंदलं गेलं.

कोलव्हिलच्या खुर्चीत गॉर्डन बसला म्हणून हे झालं. मात्र तुम्ही 'पाहा, पुन्हा कौतुक!' म्हणण्याआधी मीच सांगतो. हाच गॉर्डन पुढे फिजीचा गव्हर्नर झाला आणि १८७९ साली तिथे पहिले गिरमिटिये त्यानेच आणवले. माणसाला न्याय हवा होता, पण मजूरही हवेच होते.

नंतरचा गव्हर्नर पोप हेनेसी, त्याच्याबद्दल तुम्ही 'लोकशाहीचं ढोंग' असं लिहिलंय. शब्द कडक आहे, पण आकडे तुमच्याच बाजूचे आहेत. १८८५ च्या घटनेने सत्तावीस जणांच्या कौन्सिलात दहाच निवडून आलेले, आणि नऊ गव्हर्नरच्या मर्जीचे. मतदार चार हजारांच्या आसपास, त्यात भारतीय वंशाचे तीनशेही नाहीत. लोकसंख्येत मात्र तेच दोन-तृतीयांश. तरी त्या मर्जीतल्या एका जागेवर हेनेसीने पहिला भारतीय वंशाचा सदस्य बसवला, एवढं त्याच्या खात्यावर राहू द्या.

आपल्या माणसांबद्दल सांगायचं तर गव्हर्नरांच्या कागदांत रत्नागिरी-साताऱ्याचा माणूस वेगळा दिसतच नाही; सगळे एकजात 'इंडियन इमिग्रंट'. कलकत्ता आणि मद्रासहून गेलेल्यांपुढे मुंबईहून गेलेले थोडे. आज गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, ती त्यांच्या वंशजांमुळे. पण त्यांची हकिकत गव्हर्नरांच्या लेखात तळटीप म्हणून कोंबण्यापेक्षा स्वतंत्र लिहावी असं मला वाटतं. (१९०१ साली गांधीजी बेटावर थांबले तेव्हा एक रात्र गव्हर्नर चार्ल्स ब्रूसचे पाहुणे होते, हेही मला लेख संपल्यावर आठवलं.)

हक्क लोकांनी लढून मिळवले, हे तुमचं म्हणणं मान्य. १९४३ मध्ये बेल व्ह्यू हारेलच्या मळ्यावर पोलिसांनी मजुरांवर गोळ्या झाडल्या, त्यात अंजले कुपेन ही मजूर बाई मारली गेली. त्यानंतर पाच वर्षांत साक्षरतेच्या अटीवर मताधिकार इतका वाढला की मतदार सत्तर हजारांवर गेले. दोन्ही वेळी गव्हर्नर एकच होता, मॅकेन्झी-केनेडी.

आणि एका ठिकाणी तर मी पूर्ण हरलो. मॉरिशसच्या स्वातंत्र्याच्या तीन वर्षं आधी हिंदी महासागरातली चागोस बेटं त्याच्यापासून तोडून घ्यायचं लंडनने ठरवलं. ५ नोव्हेंबर १९६५ रोजी गव्हर्नर रेनीने लंडनला तारेने कळवलं की इथल्या मंत्र्यांनी संमती दिली आहे. तीनच दिवसांनी, ८ तारखेला, बेटं वेगळी झाली. त्या तारेपुरता तुमचा नंदीबैल मान्य.