शीर चढली म्हणे!

फोंड्यातल्या आमच्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर हा मेसेज फिरून झालाय: ‘करंगळी अचानक वाकेनाशी झाली तर घाबरू नका. शीर चढलेली असते. कापल्याशिवाय ती तुटत नाही. मूठ वळते ना? एक्स-रे नॉर्मल ना? मग पंधरा दिवस खोबरेल तेलाने चोळा.’ मी फिजिओथेरपिस्ट. रोज हातच हाताळते, म्हणून लिहिते.

‘कापल्याशिवाय तुटत नाही.’ गेल्या चतुर्थीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-फुलांची चौकट) बांधताना माझ्या मामांनी गाठ आवळायला केवणीचा दोर ओढला. तळव्यात टक् झालं आणि करंगळीचं शेवटचं पेर वाकेना. ना जखम, ना रक्त, दुखलंही बेताचंच. निरोगी कंडरा (लोक जिला शीर म्हणतात ती) अशी सहज तुटत नाही, एवढं मेसेजमधलं खरं. पण झिजलेली तुटते. करंगळीच्या बाजूला, तळव्याच्या बुडाशी हॅमेट नावाचं छोटं हाड असतं, त्याला आकडीसारखं टोक. ती आकडी कधीतरी मोडून न जुळता राहिली, की मूठ वळताना कंडरा तिच्यावर घासत राहते, विहिरीच्या काठावर राजू (दोर) घासावा तशी. मामांचं हेच झालं होतं. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात किंवा मनगटात बसवलेल्या प्लेटवर घासूनही कंडरा तुटते. क्वचित काहीच कारण सापडत नाही.

मूठ वळते, कारण अंगठा सोडला तर प्रत्येक बोट वाकवणाऱ्या कंडरा दोन. एक मधला सांधा वाकवते, दुसरी टोकाचा. मधलं पेर दुसऱ्या हाताने धरून टोक वाकवून बघा. मग हात सैल सोडून मनगट मागे वाकवा. बोटं आपोआप मिटतात, कंडरा तुटलेल्या बोटाचं टोक तेवढं सरळ राहतं. चेतातंतूच अधू झाला असेल तर तेही वाकतं.

एक्स-रेत हाड दिसतं, कंडरा नाही. त्यासाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय.

आणि चोळणं! कंडरेचं तुटलेलं टोक स्नायू वर खेचून घेतो, ते तेलाने खाली येत नाही. दिवस गेले की स्नायूही आखडतो, मग सरळ टाके घालता येत नाहीत, दुसरीकडची कंडरा आणून जोडावी लागते. मामांनी तीन आठवडे चोळलं.

जोडणीचं ऑपरेशन करायलाच हवं असंही नाही. मधला सांधा चालतो, म्हणून मामांनी कंडरा जोडून घेतली नाही. सर्जननी आकडी मात्र काढायला लावली, नाहीतर पुढची पाळी अनामिकेची.