दुसऱ्या तबकडीवरही पहिलाच भाग

गेल्या रविवारी संध्याकाळी आमच्या घरी जे घडले, त्याचा राग अजून उतरलेला नाही. माझे वडील ८६ वर्षांचे आहेत. त्यांनी शाळकरी वयात थिएटरात पाहिलेला कृष्णधवल काळातला एक मराठी विनोदी चित्रपट मी वर्षभर शोधत होतो. अखेरीस तो पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यालगतच्या एका जुन्या दुकानात, सगळ्यात खालच्या फळीवर, देवादिकांच्या आरत्यांच्या सीडींखाली दबलेला सापडला. दोन व्हीसीडींचा, म्हणजे चित्रपट भरलेल्या सीडींचा, संच होता, प्लास्टिकचे वेष्टन शाबूत होते, कंपनीचा चकाकता शिक्का जागच्या जागी होता. दुकानदाराने छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागितले, तेही मी घासाघीस न करता दिले. चित्रपटाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण त्याचा बिचाऱ्याचा यात काहीही दोष नाही.

जेवणे लवकर उरकली. बाबांना अलीकडे कमी ऐकू येते, म्हणून त्यांची खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढली, कानातले यंत्र नीट बसवले आणि पहिली तबकडी लावली. सव्वा तास ते खुर्चीच्या कडेला बसून पाहत होते, आणि पुढचा संवाद पडद्यावर येण्याआधीच त्यांच्या ओठांवर येत होता. नायकाने एक मोठी थाप मारून ठेवलेली, दाराची कडी वाजते, जो माणूस येऊ नये तोच नेमका दारात उभा, नायक उत्तर देण्यासाठी तोंड उघडतो, आणि तिथेच पडदा निळा झाला. पहिली तबकडी संपली होती. मी घाईघाईने दुसरी लावली. तिच्यावर ‘भाग २’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. पण पडद्यावर आली ती पुन्हा श्रेयनामावली, पुन्हा तेच संगीत, पुन्हा तेच पहिले दृश्य. माझीच चूक झाली असेल म्हणून मी तबकडी काढून पाहिली, पुसली, परत लावली, पुढे पळवून शेवटापर्यंत नेली. त्याच दारात, त्याच उघड्या तोंडावर पडदा पुन्हा निळा झाला. दोन्ही तबकड्यांवर पहिलाच भाग भरलेला होता. बाबा हळूच म्हणाले, ‘‘अरे, हे तर पाहून झालं की आपलं.’’

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. ‘‘साहेब, सील फोडलं की माल परत नाही, आणि दुसरा पीसही नाही,’’ एवढे उत्तर मिळाले. सील फोडल्याशिवाय आत काय भरले आहे हे गिऱ्हाइकाने कसे ओळखायचे, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते. वेष्टनावर छापलेला कंपनीचा दूरध्वनी क्रमांक आता अस्तित्वातच नाही. म्हणजे हजारो प्रती काढणाऱ्या त्या कंपनीत एकाही माणसाने, एकदाही, दुसरी तबकडी यंत्रात घालून पाहिली नव्हती. मला संताप येतो तो या गोष्टीचा. यंत्र चुकते, माणूस चुकतो, हे मला मान्य आहे. पण ज्या वस्तूचे पैसे घ्यायचे ती एकदा डोळ्यांखालून घालण्याचेही कष्ट न घेणे याला चूक म्हणत नाहीत. जुना मराठी चित्रपट विकत घेणाऱ्या माणसाला किंमतच न देण्याचा हा प्रकार आहे.

आणि हा प्रकार एकट्या त्या संचापुरता असता तर मी गप्प बसलो असतो. गेली बावीस वर्षे मी जुने चित्रपट, विशेषतः विनोदी चित्रपट, जमवतो आहे. आधी व्हिडिओ कॅसेटी, मग व्हीसीडी, मग डीव्हीडी असे तिन्ही प्रकार माझ्या कपाटात आहेत. रविवारी आणि बुधवारी जुना बाजार पालथा घालणे, बंद पडत चाललेल्या दुकानांत फळ्या धुंडाळणे, बुधवार पेठेत प्लेअरची लेन्स बदलून आणणे हे सगळे मी आनंदाने केले. मी नकली माल कधी घेतला नाही, आणि ज्याने चित्रपट घडवला त्याला चार पैसे मिळावेत म्हणून नेहमी कंपनीचीच तबकडी घेतली. तरीही ज्यातला चित्रपट संपूर्ण, स्वच्छ आणि जसा केला तसा आहे, असे जुन्या मराठी चित्रपटांचे संच माझ्या कपाटात एका हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच आहेत.

व्हीसीडीची मर्यादा मला ठाऊक आहे. तिचे चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे, म्हणजे डीव्हीडीच्या साधारण एक चतुर्थांश, आणि तिच्यात जेमतेम ७४ ते ८० मिनिटे मावतात. त्यामुळे दोन-सव्वादोन तासांचा चित्रपट दोन तबकड्यांत विभागावा लागतो, याबद्दल माझी तक्रार नाही. पण कुठे विभागायचा हे तरी कोणी तरी पाहायला हवे ना? दृश्य संपते तिथे, किंवा थिएटरात मध्यंतर होत असे तिथे थांबवायला किती खर्च येतो? घड्याळ लावून, काटा ७४ वर आला की कात्री चालवायची, मग पडद्यावर कोणी रडत असो, गात असो की अर्धे वाक्य बोललेले असो, ही पद्धत. रडक्या चित्रपटाचे यात एक वेळ निभावते. विनोदी चित्रपटाचा मात्र त्यात जीवच जातो, कारण विनोद हा आधीची तयारी आणि नंतरचा फटका यांच्यामधल्या दोन सेकंदांवर उभा असतो. राजा परांजपे किंवा राजा गोसावी यांच्यासारख्या नटांनी ती दोन सेकंदे किती जपून वापरली आहेत ते त्यांची कामे पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. त्या दोन सेकंदांच्या जागी तुम्ही मला खुर्चीतून उठवून तबकडी बदलायला लावता, आणि मग मी परत येऊन बसेपर्यंत हसण्याची वेळ टळून गेलेली असते.

गाणी कापणे हा तर राजरोस चालणारा गुन्हा आहे. चित्रपट दोन तबकड्यांत मावत नाही असे दिसले की सर्वांत आधी एखादे गाणे जाते, आणि वेष्टनावर त्याचा उल्लेखही नसतो. पुढे एखादे पात्र त्या गाण्याचा संदर्भ देऊन बोलते तेव्हा पाहणाऱ्याला कळतच नाही की हे कशाबद्दल आहे. त्याशिवाय पडद्याच्या कोपऱ्यात कंपनीचा लोगो सुरुवातीपासून शेवटपर्यंत चिकटलेला असतो, आणि काही महाभागांनी तो कोपऱ्यातही न ठेवता नटाच्या हनुवटीवर आणून बसवला आहे. खाली सरकत जाणाऱ्या पट्टीत त्यांच्याच दुसऱ्या चित्रपटांच्या जाहिराती. मी पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर जाहिरात कशासाठी?

डीव्हीडी आल्यावर हे सुधारेल अशी मला आशा होती. काय झाले? बहुतेकांनी तीच व्हीसीडीची धुरकट प्रत डीव्हीडीवर चढवली आणि किंमत वाढवली. पुढे रुंद पडद्याचे टीव्ही आले, तेव्हा जुन्या चौकोनी चौकटीतले चित्र त्या पडद्यावर भरावे म्हणून वरून आणि खालून छाटले. १९५० च्या आसपासच्या चित्रपटांची चौकट अशी भरली की चित्राचा जवळजवळ पाव भाग जातो. मग माणसांची डोकी भुवयांपाशी कापलेली दिसतात. नट हाताने किंवा पायाने काही करत असेल, आणि विनोदी नट सतत तेच करत असतो, तर ते चौकटीच्या बाहेर घडते. वेष्टनावर ‘डिजिटल’ हा शब्द सोनेरी अक्षरांत, आणि आत चित्रीकरण करणाऱ्याचे, संकलकाचे नाव नाही, प्रदर्शनाचे सालही नाही. एका संचाच्या वेष्टनावर तर ज्या नटाने त्या चित्रपटात काम केलेलेच नाही त्याचा फोटो आहे.

इंग्रजी उपशीर्षकांबद्दल तर बोलायलाच नको. माझी सून बंगाली आहे. तिला मराठी समजायला लागले आहे, पण १९५० च्या काळातले भराभर बोललेले पुणेरी संवाद तिच्या कानांतून निसटतात. ती आमच्याबरोबर हौसेने बसते, आम्ही हसलो की आमच्याकडे पाहते, आणि मी तबकडी थांबवून समजावतो. दर पाच मिनिटांनी थांबवलेला विनोदी चित्रपट कसा लागेल? चार ओळी पडद्याखाली लिहून दिल्या असत्या तर ती पोर आमच्याबरोबर हसली असती.

यावर मला हमखास ऐकवले जाते की आता सगळे मोबाइलवर मिळते, तबकड्यांचा पसारा हवाच कशाला. मी ते शोधून पाहिले आहे. जुन्या मराठी चित्रपटांच्या ज्या प्रती तिथे चढवलेल्या आहेत, त्यांतल्या पुष्कळ याच व्हीसीडींवरून उतरवलेल्या आहेत. तोच लोगो हनुवटीवर, तेच गाणे गायब, आणि तबकडी बदलण्याच्या जागी तोच निळा पडदा. जे पैसे भरून पाहायचे मंच आहेत तिथे आज असलेला चित्रपट करार संपला की उद्या नसतो, आणि त्याबद्दल विचारण्याची सोय नाही. माझ्या कपाटातली तबकडी निदान रात्रीतून कोणी काढून नेत नाही.

हे सगळे दुसऱ्या एखाद्या गावात घडले असते तर इतके लागले नसते. हे पुणे आहे. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली प्रभात ही चित्रपट कंपनी १९३३ मध्ये इथे आली. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला ‘संत तुकाराम’ इथल्या मातीत तयार झाला. ज्या जागेत प्रभातचा स्टुडिओ होता तिथे १९६० पासून चित्रपट शिकवणारी संस्था आहे. १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय याच शहरात आहे, आणि ते उभे करणाऱ्या पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने फाळक्यांच्या चित्रपटांची उरलीसुरली रिळे मिळवण्यासाठी आयुष्य वेचले तेही इथेच. जुनी नायट्रेटची फिल्म किती लवकर पेट घेते हे या गावाने इथल्या फिल्मच्या गोदामाला २००३ मध्ये लागलेल्या आगीत पाहिलेले आहे. ज्या गावाला एक रीळ जाणे म्हणजे काय हे इतके जवळून ठाऊक आहे, त्या गावात अर्धा चित्रपट पूर्ण म्हणून विकला जातो आणि विकणारा खांदे उडवतो.

लॉरेल आणि हार्डी यांचा १९२७ चा एक छोटा विनोदी मूकपट आहे, ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’. त्यात क्रीमने भरलेले ‘पाय’ नावाचे गोड पदार्थ एकमेकांच्या तोंडावर मारण्याचे प्रचंड दृश्य आहे. ते ज्या दुसऱ्या रिळात होते ते रीळ अनेक दशके पूर्ण स्वरूपात कोणाला मिळत नव्हते. लोक तुकडे जोडून पाहत राहिले, शोधत राहिले, आणि २०१५ मध्ये ते एका खाजगी संग्रहात सापडले. जेमतेम दहा मिनिटांच्या हसण्यासाठी त्या लोकांनी एवढी वाट पाहिली. आमच्याकडे दुसरा भाग हरवलेला नव्हता, तो कंपनीच्या हातात होता, आणि तबकडीवर भरायचा तेवढा राहिला.

कायद्याचेही एकदा बोलून टाकतो. आपल्याकडे चित्रपटाचा प्रताधिकार प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९५२ सालच्या चित्रपटाचा प्रताधिकार २०१३ पासून उरलेला नाही. उत्तम प्रत काढून विकायला ती अडचण आता नाही. पण त्यासाठी लागणारी चांगली प्रिंट किंवा निगेटिव्ह ज्याच्या गोदामात पडली आहे, त्याने ती दाखवलीच पाहिजे असे कुठेही लिहिलेले नाही. तिथे ती ओल खाते, आकसते, तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटतो, आणि आम्हाला मिळते ती कुठल्या तरी झिजलेल्या प्रतीच्या प्रतीची प्रत. हक्क होता तोवर यांनी माल जपला नाही, आणि आता हक्क गेला तर जपणाऱ्याच्या हाती तो देतही नाहीत.

त्या रविवारी रात्री पडदा दुसऱ्यांदा निळा झाल्यावर मी टीव्ही बंद केला. बाबा खुर्चीतून उठले नाहीत. दारात कोण उभे होते, नायकाने काय उत्तर दिले, म्हाताऱ्याने काठी कशी उगारली आणि ती कोणाला लागली, हे सगळे त्यांनी आम्हाला हातवारे करून सांगितले. एके ठिकाणी ते अडखळले, ‘‘नाही, ते आधी होतं,’’ असे म्हणून मागे गेले, आणि शेवटचे दृश्य काही केल्या त्यांना आठवेना. सुमारे सत्तर वर्षांपूर्वी पाहिलेले, कसे आठवणार? झोपायला जाताना त्यांनी दोनदा विचारले, ‘‘दुसरीकडे मिळेल का रे तो?’’ मी संचाच्या पाठीवर शाईने ‘दुसरा भाग नाही’ असे लिहून तो फळीवर ठेवला आहे, आणि या बुधवारी पुन्हा जुन्या बाजारात जाणार आहे.